महदंबेचे धवळे

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर नावाचे गाव आहे. २०२४ साली येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. तेराव्या शतकात, देवगिरीवर यादव राजे राज्य करीत असता, या गावी गोविंदप्रभू राहत असत. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी त्यांना गुरू मानीत. मराठीची आद्य कवयित्री महदंबा हिने आपली गीते गायिली ती याच गावी.

महदंबेला बालपणीच वैधव्य आले. विधवेने मंगलकार्यात पुढे येऊ नये, व्रते आणि उपवास यांत दिवस कंठावे, शास्त्राची चर्चा पुरुषांवर सोपवावी, अशी त्या काळची रीत होती. महदंबेने ती चाकोरी सोडली व ती चक्रधरस्वामींची शिष्या झाली. स्वामींच्या परिवारात अनेक स्त्रिया होत्या. विटाळाच्या नावाखाली स्त्रीला दूर बसविणे त्यांना मान्य नव्हते.

महदंबा मोठी जिज्ञासू. गोष्ट पटेपर्यंत ती प्रश्न विचारीत राही. स्वामीही न कंटाळता उत्तरे देत. म्हाइंभटांनी पुढे स्वामींच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातील कितीतरी आठवणी महदंबेच्या प्रश्नांमुळेच आपणांस लाभल्या आहेत.

स्वामींच्या पश्चात ती रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. गोविंदप्रभूंची वृत्ती बालकासारखी. एकदा त्यांनी लग्नाचा हट्ट धरला. भक्तांनी लग्नाचा थाट मांडला आणि प्रभूंनी महदंबेस गाण्यास सांगितले. तिने तेथल्या तेथे धवळे रचून म्हटले. धवळे म्हणजे विवाहप्रसंगी वराला उद्देशून गावयाची गीते. जेथे विधवेची सावलीही नको असे, अशा मंगलप्रसंगी एक विधवा गात होती!

तिने विषय घेतला श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचा. रुक्मिणी ही विदर्भाची राजकन्या. तिचे माहेर कौंडिण्यपूर आजच्या अमरावती जिल्ह्यातच आहे. भाऊ रुक्मी याने तिचे लग्न शिशुपालाशी ठरविले होते. रुक्मिणीने ते मानले नाही. तिने द्वारकेला निरोप धाडून आपला वर आपणच निवडला. बालपणी जिला कोणी काही विचारले नसेल, त्या महदंबेने ही कथा किती समरसून गायिली असेल!

पुढे पंथातील विद्वान केसोबास संस्कृतात ग्रंथ लिहू लागले, तेव्हा आचार्य नागदेवांनी त्यांना थांबविले. तसे झाल्यास पंथातील म्हाताऱ्या स्त्रिया ज्ञानाला मुकतील, असे त्यांनी कारण दिले.