बाळंतपणाचा हिशेब : शिकलेली सुईण घराला परवडेल कशी?



या पानावर आम्ही नेहमी लागण, बेणेप्रक्रिया, खोडव्याची जोपासना आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. आजचा विषय वेगळा वाटेल, पण तो आपल्या फडाशी आणि ऊसबिलाशी निगडित आहे. बाळंतपणाचा खर्च आवाक्यात कसा ठेवावा आणि शिकलेल्या सुईणीची मदत घराघराला कशी परवडेल, हे आपण पाहू.

शेतकी खात्याने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. काही हंगामांपूर्वी माणच्या शिवारात तोडणी चालू होती. चिटबॉयने सकाळी निरोप दिला, "साहेब, टोळीत आज एक कोयता कमी आहे." आम्ही वाहनांचा हिशेब बदलला आणि पुढे गेलो. दुपारी कळले की कोपीतली एक बाई पहाटे बाळंत झाली होती. सोबत टोळीतलीच एक म्हातारी होती. रक्त थांबेना, तेव्हा गाडी कुणाची आणि न्यायचे कुठे हे ठरविण्यातच दोन तास गेले. रक्ताच्या दोन बाटल्या दिल्यावर बाई वाचली. मूल वाचले नाही.

त्या रात्री आम्ही टोळीची नोंदवही उघडून पाहिली. कोयते किती, गाड्या किती, बैल किती, लाळ-खुरकुताची लस कोणत्या बैलांना टोचली, सगळे लिहिलेले होते. दोन जिवांच्या बाया किती, हा रकाना मात्र नव्हता. ही चूक दुसऱ्या कुणाची नव्हे, आमची होती. हा लेख त्यामुळेच लिहीत आहोत.

पूर्वीची सुईण

आपल्या आजीच्या काळी गावात सुईण असे. ती रात्री-अपरात्री हाकेला येई, बाळंतिणीला शेक-शेगडी, बाळाला न्हाऊमाखू घाली. तिचा मोबदला ऐपतीप्रमाणे असे. कुणी लुगडे-खण-नारळ देई, कुणी पायलीभर धान्य देई, आणि ज्याच्याकडे काहीच नसे त्याच्याकडेही ती जाई. म्हणजे ती प्रत्येक घराला परवडत होती.

पण तिच्या हाताला शिक्षण नव्हते. नाळ विळ्याने कापली जाई आणि कित्येक बाळे धनुर्वाताने जात. आडवे मूल किंवा अति रक्तस्राव असला म्हणजे तिचा इलाज संपे. दवाखान्यातील बाळंतपणे वाढली आणि त्यामुळे माता वाचल्या, ही गोष्ट नाकारून चालणार नाही. 2018 ते 2020 या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे 33 मातामृत्यू नोंदले गेले. देशाचा आकडा 97 होता. म्हणून जुन्या सुईणीकडे परत जा, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. सुईणीची सोय आणि दवाखान्याचे शिक्षण या दोन्ही गोष्टी एकत्र कशा आणाव्यात, एवढाच आजचा प्रश्न आहे.

खर्च कोठे वाढतो?

ऊसबिलावर उचल मागायला सभासद ऑफिसात येतात. कारण विचारले की बऱ्याच वेळा उत्तर येते, "सुनेचं बाळंतपण आहे, ऐनवेळी किती सांगतील काय नेम?" या वाक्यातच दुखणे आहे. खर्च किती, हे आधी ठाऊक नसते. तपासणी एका ठिकाणी, सोनोग्राफी दुसरीकडे आणि बाळंतपण तिसरीकडे होते. नऊ महिने जिने बाईला पाहिले ती व्यक्ती कळांच्या वेळी हजर नसते.

साधे बाळंतपण की सिझेरियन, यावरही बिल ठरते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 21.5 टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाल्याचे आढळले. खाजगी रुग्णालयांत हे प्रमाण 47.4 टक्के, तर सरकारी संस्थांत 14.3 टक्के होते. सिझेरियनने जीव वाचतो. गरज असता त्याला नाही म्हणू नये. पण गरज आहे की नाही, हे समजावून सांगणारे ओळखीचे माणूस घराजवळ हवे.

जे फुकट आहे ते आधी घ्यावे

खताची मात्रा देण्यापूर्वी आपण माती तपासतो. जमिनीत जे आहे ते विकत कशाला घ्यायचे? तसेच येथे आहे.

1. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम जून 2011 पासून आहे. सरकारी दवाखान्यात साधे बाळंतपण असो वा सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी यांस पैसे लागत नाहीत. बाई परगावची, तोडणीवाली असली तरी हक्क तोच.

2. जननी सुरक्षा योजना 2005 ची. आपल्या राज्यात दारिद्र्यरेषेखालील, तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या ग्रामीण मातेला दवाखान्यातील बाळंतपणासाठी 700 रुपये ठरविलेले आहेत.

3. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये दोन हप्त्यांत, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास 6,000 रुपये मिळतात. नोंदणी लवकर करावी लागते, हे ध्यानात ठेवावे.

4. ज्यांची मुले-सुना पिंपरी, चाकण वा हिंजवडीच्या कंपन्यांत आहेत त्यांनी पगाराच्या चिठ्ठीत राज्य विमा, म्हणजे ईएसआयची कपात आहे का ते पाहावे. कपात होत असेल तर पत्नीच्या बाळंतपणाची सोय त्यात आहे. ठेकेदाराकडील कामगारालाही हे लागू पडते.

5. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर मातांची तपासणी डॉक्टरांकडून मोफत होते. तातडीच्या वेळी 108 क्रमांकावर गाडी मागवावी.

एवढे घेतले तरी मोठा खर्च कमी होतो. मग उरते काय? उरते ती सोबत. आरोग्यसेविकेकडे अनेक वाड्यावस्त्या, लसीकरण आणि कागदपत्रे असतात. माणच्या बाजूला तर बाहेरगावचे लोक खोल्या करून राहतात. लोकवस्ती वाढली, तिच्या मानाने हात वाढले नाहीत. येथेच स्वतंत्रपणे काम करणाऱ्या शिकलेल्या सुईणीचे, म्हणजे प्रसाविकेचे, स्थान आहे.

शिकलेली सुईण काय करते?

नर्सिंग कौन्सिलकडे परिचारिका व प्रसाविका म्हणून नोंद असलेली बाई ती ही. ती घरी येऊन रक्तदाब, वजन, पोटाची वाढ पाहते, रक्त व लघवीची तपासणी करविते, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का विचारते. कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात सोबत जाते. बाळंतपणानंतर अंगावर पाजणे, बाळाची ऊब, आईचा रक्तस्राव यांवर लक्ष ठेवते. धोका दिसताच ती डॉक्टरांकडे पाठविते, आणि हेच तिचे सर्वांत मोठे काम.

हे काही नवे खूळ नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून खेड्यातल्या, अल्पशिक्षित बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. आपल्याच जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील वढू येथे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी गावातल्या तरुणांना हाताशी धरून असेच काम उभे केले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्यास आरोग्यदूत शिकविले. 1999 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नवजात बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटले होते.

न्यूझीलंडने 1990 साली कायदा करून प्रसाविकेला साध्या बाळंतपणाची जबाबदारी स्वतंत्रपणे घेण्याचा अधिकार दिला. तिचा मोबदला सरकार देते, घरच्यांना द्यावा लागत नाही. आपल्याकडेही केंद्र सरकारने डिसेंबर 2018 मध्ये प्रसाविका सेवेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. अनुभवी परिचारिकांना 18 महिन्यांचे खास शिक्षण द्यावे, असे त्यांत आहे. मात्र त्या सरकारी रुग्णालयांसाठी आहेत. खाजगी प्रसाविका शहरात सापडते, पण तिची फी एकट्या घराने द्यावयाची असल्याने ती ऐपतवाल्यांपुरतीच राहते.

परवडण्याचा हिशेब

आता गणित करू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

समजा, चार-पाच गावांनी मिळून एक प्रसाविका नेमली. मानधन महिना 30,000 रुपये, म्हणजे वर्षाला 3,60,000. गाडीचे पेट्रोल, फोन, साहित्य यांस 60,000. एकूण 4,20,000 रुपये. वर्षात 100 बाळंतपणे धरली तर प्रत्येकी 4,200 रुपये येतात. तोडणी मजुराला आणि अल्पभूधारकाला हे जड आहे.

आता हाच खर्च 1,000 कुटुंबांत वाटा. घरटी वर्षाला 420, म्हणजे महिन्याला 35 रुपये. किंवा गटातून 70,000 टन ऊस गाळपास जात असेल तर टनाला 6 रुपये. खर्चाची रक्कम बदलली नाही. बाळंतपणाच्या आठवड्यात एकट्याच्या डोक्यावर पडणारे ओझे तेवढे सर्वांच्या खांद्यावर गेले. याच रीतीने आपण कारखाना उभा केला. एकट्याला गुऱ्हाळ झेपते, कारखाना झेपत नाही.

अर्थात कपात करावयाची तर सभासदांची संमती व वार्षिक सभेचा ठराव पाहिजे. आमच्या मते आधी एका गटात स्वखुशीच्या वर्गणीवर दोन वर्षे करून पाहावे.

नियम मात्र पहिल्यापासून पक्के हवेत :

(अ) प्रसाविकेला ठराविक मानधन असावे. बाळंतपण साधे झाले की सिझेरियन, कोणत्या दवाखान्यात झाले, यावर तिला एक पैसाही कमी-जास्त मिळू नये.

(आ) तिची कौन्सिलची नोंदणी पाहूनच नेमणूक करावी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी तिचे काम लेखी जोडलेले असावे.

(इ) घरी बाळंतपण करण्यासाठी ही योजना नाही. कळा सुरू झाल्या की दवाखाना, हा नियम.

(ई) वर्गणी न देऊ शकणाऱ्या घरची बाई आणि टोळीतली बाई यांना वगळू नये. फड आपला, तर त्यात राबणारी बाईही आपली जबाबदारी.

धोक्याची लक्षणे

हे कात्रण भिंतीला लावावे. अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर-हातावर सूज, झटके, ताप, कळांआधी पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे. यांपैकी एक जरी दिसले तरी "सकाळी बघू" म्हणू नये. त्याच घटकेला गाडी बोलवावी.

या हंगामात काय करावे?

वर्गणीची योजना होईल तेव्हा होईल. बिनखर्चाच्या चार गोष्टी आजच करता येतात. टोळी उतरताच मुकादमाकडून गरोदर बायांची संख्या घेऊन आशाताईंना कळवावी. त्यांचे माता व बालसंरक्षण कार्ड सोबत आहे का पाहावे. सातव्या महिन्यापुढील बाईला मोळी उचलावयास लावू नये, आणि तपासणीच्या दिवशी तिचा खाडा धरू नये. कोणती गाडी रात्री उपलब्ध राहील, त्याचा फोन नंबर कोपीवर लिहून ठेवावा.

आमच्या गटाच्या नोंदवहीत आता तो रकाना आखला आहे. तो शाईने आखलेला आहे, छापील नाही, आणि त्यात चिटबॉयला काय लिहावे हे प्रथम कळेना. आता तो स्वतः विचारतो, "साहेब, या टोळीत दोघी आहेत, ताईंना फोन केला." पुढील वर्षी हा रकाना छापील यावा आणि सर्व गटांच्या वहीत यावा, अशी विनंती आम्ही केली आहे. सभासदांनी आपापल्या गट ऑफिसात या योजनेबद्दल आपले मत कळवावे. विरोधी मत असेल तर तेही कळवावे. चर्चा झाली तरच ठराव टिकतो.