इंटरनेटला जोडलेली उपकरणे आणि आपले दवाखाने

दिवा, कुलूप, कॅमेरा वा फ्रीज इंटरनेटला जोडला, की तो दुरूनही मोबाईलवर पाहता येतो, चालवता येतो आणि काही बिघडल्यास स्वतःहून कळवतो. अशा उपकरणांना स्मार्ट उपकरणे म्हणण्याचा प्रघात आहे. 2016 साली स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या 20 शहरांत आपल्या सुरतेची निवड झाली. आज येथील हिऱ्यांचे कारखाने, कापडबाजारातील दुकाने, सदनिका आणि आपले दवाखाने यांतही ही उपकरणे आढळतात. बालरोगतज्ज्ञ या नात्याने माझा त्यांच्याशी तीन ठिकाणी संबंध येतो. त्या तिन्हींचा येथे विचार करू.

1. लसींचा फ्रीज

लसी 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. उष्णतेने पोलिओची तोंडावाटे द्यावयाची लस क्षीण होते, हे सर्वांच्या ध्यानात असते. परंतु पेंटाव्हॅलंट, हेपॅटायटिस बी, टीडी या लसी गोठल्यास निकामी होतात, याकडे दुर्लक्ष होते. त्यांतील ॲल्युमिनियमच्या क्षारांचे कण गोठताना एकमेकांना चिकटतात आणि लस वितळल्यावरही पूर्ववत होत नाहीत.

शासकीय शीतसाखळीत यासाठी 2015 पासून ईविन ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने आली. फ्रीजमधील यंत्र तापमानाची नोंद घेते, सिमकार्डाद्वारे ती मध्यवर्ती संगणकाकडे पाठवते आणि मर्यादा ओलांडताच संबंधितांना संदेश जातो. खाजगी दवाखान्यात मात्र ही काळजी ज्याची त्याने घ्यावयाची असते.

माझ्या दवाखान्यातही असे यंत्र आहे. एका दिवाळीच्या सुट्टीत थर्मोस्टॅट अडकला आणि फ्रीजचे तापमान काही तास शून्याखाली गेले. यंत्राने रात्रीच संदेश पाठवला. पण तो गेला नोकरी सोडून गेलेल्या कंपाउंडरच्या मोबाईलवर. नंबर बदलण्याचे काम माझे होते, ते राहून गेले होते. दवाखाना उघडला तेव्हा तापमान पुन्हा 4 अंशांवर आले होते. त्या दिवशी तीन बाळांना लस दिली गेली. सायंकाळी मागील नोंदी पाहिल्या आणि पायाखालची जमीन सरकली.

गोठलेल्या लसीचा डोस धरला जात नाही, तो पुन्हा द्यावा लागतो. तिन्ही घरी स्वतः फोन केला, घडले ते सांगितले, उरलेला साठा बाद केला आणि योग्य वेळी स्वखर्चाने लस पुन्हा दिली. एका बाळाच्या आजींनी शांतपणे विचारले, ''डॉक्टरसाहेब, मशीन सांगत होतं ना? मग ऐकायला कोणी नव्हतं का?'' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

2. दवाखान्यातील कॅमेरा

फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोट येथील एका प्रसूतिगृहाच्या कॅमेऱ्यांतून महिला रुग्णांची चित्रणे चोरून इंटरनेटवर पसरवल्याचे उघडकीस आले. अशा चोरीची वाट बहुधा सोपी असते : कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललेलाच नसतो. 2016 साली मिराय नावाच्या घातक प्रणालीने असेच नेहमीचे पासवर्ड वापरून जगभरातील लक्षावधी कॅमेरे व राऊटर ताब्यात घेतले होते. चोराला दार फोडावे लागत नाही. आपणच किल्ली कुलपाला लावून ठेवलेली असते. जी लाज राखण्यासाठी आपण तपासणीच्या टेबलाभोवती पडदा लावतो, ती त्या खोलीतील कॅमेऱ्यामुळे उघड्यावर येते.

3. बाळाचा पाळणा

बाळाच्या पायात घालून नाडी व प्राणवायूचे प्रमाण मोबाईलवर दाखवणारे मोजे परदेशस्थ मुले-मुली हौसेने पाठवतात. झोपेतील आकस्मिक बालमृत्यू टाळण्याचा उपाय म्हणून अशा घरगुती यंत्रांवर विसंबू नये, असे अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सने 2022 च्या मार्गदर्शनातही सांगितले आहे. बाळाला पाठीवर, सपाट व टणक अंथरुणावर निजवणे हाच खरा उपाय होय. याउलट, टाइप 1 मधुमेह असलेल्या बालकाची रक्तशर्करा रात्री उतरल्यास आईवडिलांना जागे करणारा सेन्सर खरोखर उपकारक आहे. कारण तेथे इशाऱ्यानंतर काय करावयाचे हे घरच्यांना ठाऊक असते.

काही व्यवहार्य सूचना

(अ) इशारा किमान दोघांच्या मोबाईलवर यावा. त्यातील एक स्वतः डॉक्टर असावा. कर्मचारी बदलताच नंबर बदलावा.

(आ) महिन्यातून एकदा मुद्दाम इशारा वाजवून पाहावा. सुट्टीनंतर लस देण्यापूर्वी मागील नोंदी तपासाव्यात.

(इ) उपकरण बसवतानाच पासवर्ड बदलावा. बसवणाऱ्या कारागिराकडे तो राहू देऊ नये.

(ई) तपासणीच्या व प्रसूतीच्या खोलीत कॅमेरा नसावा.

(उ) वीज वा इंटरनेट गेल्यास यंत्र मुके होते. म्हणून फ्रीजमध्ये साधा थर्मामीटर आणि दिवसातून दोनदा हाताने नोंद करण्याची वही असावीच.

उपकरण घेण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : हे रात्री दोन वाजता बोलले, तर उठणार कोण? त्याचे उत्तर नावानिशी देता येत असेल, तरच ते घ्यावे.