वेष्टनातलं शिसं शोधणारी नोकरी

बारावी सायन्सचा निकाल लागला की उरण-पनवेल पट्ट्यातल्या घरांत पहिला विषय निघतो तो बंदराचा. त्याला इतिहास आहे. जानेवारी १९८४ मध्ये प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली संपादित जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी लढताना जासई-नवघर भागात पाच जण हुतात्मा झाले. १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं आणि तिथली नोकरी हा इथल्या माणसांना आपला हक्क वाटत आला. पण क्रेन, क्लिअरिंग आणि सीएफएस (कंटेनरची गोदामं) यांपलीकडे बंदरामुळे उभं राहिलेलं एक काम आहे, ज्याचं नाव आपल्या घरांत क्वचितच निघतं: खाद्यपदार्थांच्या पॅकिंगची तपासणी.

द्राक्षं, आंब्याचा पल्प, लोणची परदेशी जातात ती पाऊच, डबे आणि छापील लेबलांसकट. युरोपीय संघात पॅकिंगमधलं शिसं, कॅडमियम, पारा आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम मिळून १०० पीपीएमच्या (दहा लाखांत शंभर भागांच्या) वर चालत नाही. आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८चे पॅकेजिंग नियम १ जुलै २०१९ पासून बंधनकारक झाले. प्लॅस्टिकमधून अन्नात किती धातू उतरला तर चालेल, याच्या मर्यादा त्यांत आहेत. कोबाल्टची मर्यादा किलोमागे फक्त ०.०५ मिलिग्रॅम. वर्तमानपत्राच्या कागदात खाणं बांधून द्यायलाही याच नियमांनी मनाई केली आहे, तरी वडापाव अजून त्यातच मिळतो.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहा. पाऊचचा मोजून कापलेला तुकडा ३ टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये बुडवतात, कारण लोणच्यासारखा आंबट पदार्थ धातू लवकर ओढून घेतो. मग ४० अंश तापमानात तो दहा दिवस ठेवतात. शेजारी तुकडा न घातलेलं तेच द्रावण, म्हणजे ‘ब्लँक’, असतं. त्यातही धातू सापडला तर दोष पाऊचचा नाही, आपल्या भांड्यांचा. म्हणून बाटल्या आधी नायट्रिक ॲसिडमध्ये भिजवून ठेवतात. हातमोजेसुद्धा बिनपावडरचे लागतात, कारण पावडरमधून जस्त येऊ शकतं. शेवटी आयसीपी-एमएस हे यंत्र आर्गॉनच्या प्लाझ्मात नमुना फोडून पीपीबीत (अब्जात किती भाग, असा) आकडा देतं. मजा अशी, की धातू कित्येकदा बाहेरच्या छपाईच्या शाईतून आलेला असतो: फिल्मचा रोल गुंडाळला की बाहेरची शाई आतल्या बाजूला टेकते. हे शोधून काढणारा केमिस्ट कंपनीला हवाच असतो.

यासाठी लाखो रुपयांचं शिक्षण लागत नाही. पनवेलचं चांगू काना ठाकूर किंवा महात्मा फुले महाविद्यालय यांतून बीएस्सी केमिस्ट्री करा. पुढे ॲनॅलिटिकल केमिस्ट्रीत एमएस्सी केलीत तर उत्तम. पॅकेजिंगच आवडत असेल, तर अंधेरीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगचा पदवीनंतरचा दोन वर्षांचा डिप्लोमा आहे आणि नेरुळला एसआयईएसचं पॅकेजिंगचं शिक्षण आहे. सरकारी वाट हवी असेल, तर एमएस्सी आणि अन्न-तपासणीचा तीन वर्षांचा अनुभव घेऊन एफएसएसएआयची फूड ॲनालिस्ट परीक्षा देता येते. न्हावा शेव्याच्या कस्टम हाऊसचीही स्वतःची प्रयोगशाळा आहे.

पालकांना तीन गोष्टी स्पष्ट सांगते. खासगी लॅबमधला सुरुवातीचा पगार बेताचा असतो; यंत्र स्वतः चालवता यायला लागलं आणि रिपोर्टची जबाबदारी पेलता आली की मागणी वाढते. ॲसिडची भीती बाळगू नका, पण फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढणारी पेटी) नसलेल्या लॅबमध्ये मुलीला किंवा मुलाला पाठवूही नका. आणि उतावळ्या मुलाला हे काम जमणार नाही. दहा दिवसांच्या चाचणीत नवव्या दिवशी घाई केली की सगळं वाया जातं.

‘शंभर टक्के नोकरी’ सांगणाऱ्या क्लासची फी भरण्याआधी लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या वेबसाइटवर नवी मुंबई आणि तळोज्यातल्या मान्यताप्राप्त लॅब शोधा. कोणत्या लॅबच्या यादीत मायग्रेशनची, म्हणजे पॅकिंगमधून अन्नात काय उतरतं याची, चाचणी आहे ते बघा आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिथे अर्ज करा.