पेरणी आणि परमेश्वराची वेळ

वाचन : संत याकोबचे पत्र ५:१-११; उत्पत्ती, अध्याय १६ व २१; योहान ११:१-४४



जून महिन्यात रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या पायरीवर एकच विषय असतो : पाऊस. रोहिणी कोरडी गेली, मृग लागला, दोन सरी पडून गेल्या. आता पेरावे की थांबावे? अशाच बोलण्यात एक भाऊ मला म्हणाले, “फादर, आभाळाकडं पाहत थांबायची आम्हाला सवय आहे. पण देवाकडं किती दिवस पाहायचं? पोराच्या नोकरीसाठी तीन वर्षं झाली नोव्हेना करतोय.”

त्या दिवशी मी त्यांना घाईने उत्तर दिले नाही. “देवाची वेळ आली की होईल” असे म्हणून मला मोकळे होता आले असते. पण ज्या घरात तीन वर्षे वाट पाहणे चालू आहे, तिथे हे वाक्य पुरत नाही. म्हणून आजच्या पाठात आपण विचार करू या की ख्रिस्ती माणसाने वाट पाहायची म्हणजे नेमके काय करायचे.

१. शेतकऱ्याकडे पाहा

संत याकोब आपल्या पत्रात धीराचा धडा देताना शेतकऱ्याचेच उदाहरण देतात. शेतकरी जमिनीच्या मोलाच्या पिकासाठी थांबतो, पहिला आणि शेवटचा पाऊस पडेपर्यंत धीर धरतो, असे ते सांगतात. पॅलेस्टाईनमध्ये पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येई. त्यावर पेरणी होई. शेवटचा पाऊस मार्च-एप्रिलमध्ये येई. त्याने दाणा भरे. नक्षत्रे आणि महिने वेगळे असले, तरी कोरडवाहू शेतकऱ्याचा घोर तिथे आणि आपल्या धामणगावात सारखाच.

आता सांगा, पावसाची वाट पाहणारा शेतकरी हात बांधून बसलेला असतो का? उन्हाळ्यातच त्याची नांगरणी, वखरणी झालेली असते. धुरे साफ झालेले असतात. घरचे सोयाबीन बियाणे असेल तर तो शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतो आणि काही दिवसांनी किती उगवले ते पाहतो. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. मग तो थांबतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असे कृषी खाते दरवर्षी सांगते. पहिल्याच सरीला पेरले आणि पुढे उघडीप पडली, तर मोड जमिनीतच करपतात. दुबार पेरणीचा खर्च काय असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

शेतकऱ्याच्या दोन चुका होऊ शकतात. एक, ओल नसताना घाई करणे. दुसरी, “यंदा काही खरे नाही” म्हणून वावर पडीक टाकणे. ख्रिस्तसभेचे गुरू संत थॉमस अक्वायनस यांनी आशेच्या सद्गुणाविरुद्धची दोन पापे सांगितली आहेत, तीही अशीच आहेत : फाजील भरवसा आणि निराशा. सहनशीलतेला तर त्यांनी धैर्याचा भाग मानले आहे. म्हणजे वाट पाहणे हे दुबळ्याचे काम नाही. त्याला छाती लागते.

२. अब्राहामाची घाई

परमेश्वराने अब्राहामाला बोलावले तेव्हा तो ७५ वर्षांचा होता. इसहाक जन्मला तेव्हा तो १०० वर्षांचा झाला होता. मध्ये पंचवीस वर्षे गेली. श्रद्धावंतांचा पिता म्हणून आपण ज्याचा मान राखतो, त्यालाही ही पंचवीस वर्षे जड गेली. दहा वर्षे कनान देशात काढल्यावर सारेने आपली दासी हागार त्याला दिली आणि तो ८६ वर्षांचा असताना इश्माएल जन्मला.

या घाईची किंमत कोणी मोजली? हागारने. तिला छळ सोसावा लागला, गरोदरपणी रानात पळून जावे लागले आणि पुढे मुलासह घराबाहेर पडावे लागले. आपण देवाच्या पुढे धावतो तेव्हा ठेच पुष्कळदा दुसऱ्यालाच लागते. लेकीचे लग्न एकदाचे उरकून टाकावे म्हणून चौकशी न करता स्थळ पक्के करणाऱ्या आईबापांनी हे ध्यानात घ्यावे. नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या दलालाच्या हाती वावर गहाण टाकून पैसे देणाऱ्यांनीही घ्यावे.

तरी परमेश्वराने हागारला टाकले नाही. रानात देवदूत तिच्याजवळ आला. इश्माएल या नावाचा अर्थच ‘देव ऐकतो’ असा आहे. घाईत चूक करून बसलेल्यांनाही यात आधार आहे.

३. वसईचा गोन्सालो

आता आपल्याच महाराष्ट्रातील एका संताकडे वळू. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सोळाव्या शतकात वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई वसईकडची. येशूसंघाच्या धर्मगुरूंच्या सहवासात ते वाढले आणि तरुणपणीच त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथे त्यांनी जपानी भाषा चांगली आत्मसात केली आणि काही वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. आपल्याला संघात घ्यावे ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही.

त्या वेळी त्यांच्या मनाला काय वाटले असेल? एवढी वर्षे दिली आणि दार उघडले नाही. ते व्यापाराला लागले. व्यापार बरा चालला, पण मनातील हाक काही थांबली नाही. पुढे फिलिपाईन्समधील मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना ब्रदर म्हणून स्वीकारले. १५९३ साली फादर पेद्रो बॉतिस्ता यांच्यासोबत काही फ्रान्सिस्कन जपानला निघाले, तेव्हा त्यांना दुभाष्या हवा होता. ब्रदर गोन्सालो त्यांचे दुभाषी झाले.

बंधू-भगिनींनो, इथे थोडे थांबून विचार करा. ज्या वर्षांत त्यांच्या मनासारखे काहीच घडले नाही असे वाटते, त्याच वर्षांत ते भाषा शिकले होते. पुढे देवाने त्यांच्याकडून जी सेवा घेतली, ती त्या भाषेच्या बळावर. वाट पाहण्याचा काळ वाया गेला नव्हता. तीच त्यांची वखरणी होती.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ ख्रिस्ती जनांना क्रुसावर मारण्यात आले. त्यांत ब्रदर गोन्सालो होते. १६२७ साली त्यांना धन्य आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संत घोषित केले. ते भारतात जन्मलेले पहिले संत होत.

त्याच नागासाकीची आणखी एक गोष्ट आहे. १६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरू मारले गेले किंवा हाकलले गेले. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही. अशी सुमारे अडीचशे वर्षे गेली. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीत नव्याने बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये काही गावकरी आले आणि आमचीही श्रद्धा हीच आहे असे त्यांनी फादर पेतिजाँ यांना हळूच सांगितले. पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे, असे त्यांनी विचारले. इतक्या पिढ्या ही श्रद्धा कोणी राखली? प्रापंचिकांनी. त्यांनी आपल्या मुलाबाळांना स्वतः स्नानसंस्कार दिला, प्रार्थना तोंडपाठ शिकवल्या, सणांचे दिवस मोजून ठेवले. बहुतेकांनी धर्मगुरूचे तोंड कधी पाहिले नाही, पण त्यांनी आजचे काम उद्यावर टाकले नाही.

४. दुसऱ्याला “धीर धर” म्हणण्यापूर्वी

याकोबच्या पत्रातील धीराचे वचन आपल्याला आवडते, पण त्याच्या आधीच्या ओळी आपण सोडून देतो. तिथे याकोब श्रीमंतांवर कडाडले आहेत : कापणी करणाऱ्या मजुरांची मजुरी तुम्ही अडवून ठेवलीत, तो आक्रोश देवाच्या कानी गेला आहे. जो मजुराला धीर धरायला सांगतो, तोच प्रेषित मालकाला मात्र उशीर करू देत नाही.

म्हणून जे आपल्या हातात आहे, त्याला “देवाची वेळ” म्हणू नये. वेचणीच्या बायांची मजुरी देणे, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे, रुसलेल्या भावाशी बोलणे या गोष्टींची वेळ आजच आहे.

आपला बुलढाणा जिल्हा दुःख जाणतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत आपला जिल्हा होता. कर्जाने खचलेल्या माणसाला प्रवचन नको असते. त्याच्या ओट्यावर जाऊन कोणीतरी बसावे लागते, बँकेत त्याच्यासोबत जावे लागते. लाझरस आजारी असल्याचे कळूनही प्रभू येशू दोन दिवस थांबला, पण शेवटी तो मार्था आणि मरियेकडे आला, त्यांचे गाऱ्हाणे ऐकले आणि त्यांच्याबरोबर रडला. चमत्कार त्यानंतर झाला. आपल्याला लाझरसला उठवता येत नाही. शेजाऱ्याजवळ बसता मात्र येते. कोणाचे मन फारच खचले असेल तर मला रात्रीसुद्धा हाक मारा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवाही १४४१६ या क्रमांकावर आहे. मदत मागणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे.

५. या आठवड्यासाठी

पहिले, ज्या गोष्टीची आपण वाट पाहत आहोत, ती प्रार्थनेत नाव घेऊन देवापुढे ठेवा. कंटाळा आला असेल तर तोही सांगा.

दुसरे, त्या बाबतीत आज करण्याजोगे एक काम शोधा आणि ते करा.

तिसरे, आपल्यासारख्याच वाट पाहणाऱ्या एका घरी जाऊन या.

त्या भावांना मी आता एवढेच सांगेन : नोव्हेना सोडू नका. देव कधी आणि कशा रीतीने देईल, हे मला ठाऊक नाही. पण या तीन वर्षांत पोराला बसवून ठेवू नका. हाताला एखादे काम, एखादे कौशल्य लागू द्या. गोन्सालोला भाषेचा उपयोग पुढे होईल हे शिकताना कुठे माहीत होते? आणि पोराला रोज “कधी लागणार?” असे विचारू नका. तोही वाटच पाहतो आहे.

प्रार्थना : हे प्रभो, आमची वावरे आणि आमची मने तयार करण्याचे बळ आम्हांला दे. ओल नसताना पेरण्याच्या घाईपासून आणि पेरणीच सोडून देण्याच्या निराशेपासून आम्हांला राख. तू येईपर्यंत आम्हांला एकमेकांजवळ राहू दे. आमेन.

प्रभूमध्ये तुमचे,
फादर