पहिला प्रश्न कोणता, हे घरीच ठरवा

पूर्वी दहावी-बारावीच्या बोर्डात प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी हातात पडायची. पोरं ती नजरेखालून घालायची, तोवर छातीतली धडधड कमी व्हायची. २०२३ पासून ही सोय बंद झाली आणि ती दहा मिनिटं पेपरच्या शेवटी जोडली गेली. म्हणजे वेळ कमी झालेला नाही, पण वाचनाची वेळ आता ज्याची त्याने काढायची आहे. बहुतेक मुलं ती काढत नाहीत. अकराचा ठोका पडला की शेजारच्याचं पेन चालू झालेलं दिसतं आणि हीसुद्धा लिहीत सुटतात.

नांदेड-लातूरच्या लेकरांना सराव कमी पडतो असं कुणी म्हणणार नाही. राजर्षी शाहू महाविद्यालयाने नावारूपाला आणलेल्या ‘लातूर पॅटर्न’चा कणाच मुळी सराव परीक्षा हा आहे. भाग्यनगरपासून औसा रोडपर्यंत दर आठवड्याला कुठे ना कुठे टेस्ट असते. पण टेस्ट झाल्यावर आपण विचारतो काय? किती पडले, रँक कितवी. सुरुवात कुठून केलीस, कुठे अडकलास आणि अडकल्यावर किती वेळ तिथेच बसलास, हे विचारणारं कुणी नसतं. माझ्या मते खरे मार्क तिथेच सांडतात.

दहावीचा गणित भाग १ घ्या. ४० गुण, दोन तास. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. पहिल्याच प्रश्नात चार बहुपर्यायी उपप्रश्न असतात आणि सूचनांमध्ये छापलेलं असतं की त्यांचं पहिल्या प्रयत्नातलं उत्तरच ग्राह्य धरलं जाईल. हात थरथरत असताना नेमके तेच प्रश्न घाईने उरकले जातात, आणि चूक लक्षात आली तरी दुरुस्त करता येत नाही. ज्याला सुरुवातीला फार धडधडतं, त्याने प्रश्न १ साठी पान कोरं सोडावं आणि प्रश्न २ (B) ने सुरुवात करावी. तिथे दोन-दोन गुणांचे उपप्रश्न असतात, पाचपैकी चार सोडवायचे. दोन उदाहरणं सुटली की जीव भांड्यात पडतो, मग मागे वळून पर्याय शांतपणे निवडता येतात. प्रश्न ४ मधलं चार गुणांचं उदाहरण फिरवून विचारलेलं असलं, तर त्याला बारा मिनिटं द्यायची. नाही सुटलं तर आलेल्या पायऱ्या तशाच ठेवून, खाली जागा सोडून पुढे जायचं. पायऱ्यांना गुण असतात.

क्रम बदलला तरी मुख्य प्रश्न नव्या पानावर सुरू करा, त्याचे उपप्रश्न एकत्र ठेवा, क्रमांक ठळक लिहा. तपासणाऱ्या शिक्षकांना उत्तर शोधत बसायला लावू नका.

बारावीच्या फिजिक्सचंही असंच आहे. ७० गुण, तीन तास. विभाग ब आणि क मध्ये बारापैकी आठ-आठ प्रश्न सोडवायचे असतात. त्यामुळे प्रत्येक विभागातले कोणते चार प्रश्न सोडायचे ते आधी ठरवा, मगच लिहायला घ्या.

नीटचं गणित वेगळं आहे. १८० प्रश्न, १८० मिनिटं; बरोबरला चार गुण, चुकल्यास एक वजा. बोर्डात काहीतरी लिहून येणं शहाणपणाचं, इथे अंदाजाने गोळा काळा करणं महागात पडतं. आधी बायोलॉजी घ्यावं की केमिस्ट्री, यावर क्लासमध्ये छातीठोक सल्ले मिळतात. त्यातला कुठलाही डोळे झाकून घेऊ नका. तीन सराव पेपर तीन वेगवेगळ्या क्रमांनी सोडवा, चुका मोजा आणि ज्या क्रमात त्या कमी झाल्या तोच पक्का करा. परीक्षेच्या दिवशी नवा प्रयोग नको.

वर्गात डोकं एकदम कोरं पडलं तर पेन खाली ठेवा. घोटभर पाणी प्या. श्वास घेतला त्यापेक्षा सावकाश सोडा, असं पाच-सहा वेळा करा. धडधड खरोखर उतरते. यात मिनिटभर जातं. घाबरून दुसऱ्यांदा वाचलेल्या प्रश्नात त्याहून जास्त जातं.

आता पालकांशी. लेकरासाठी गावचं घर सोडून इथे खोली करून राहणाऱ्या आया मी पाहते, आणि तुरीच्या पट्टीतून क्लासची फी भरणारे वडीलही. तुमची काळजी खरी आहे. पण केंद्राच्या फाटकातच प्रश्नपत्रिका हिसकावून उत्तरं जुळवू नका. झालेल्या पेपरचा गुण त्याने वाढत नाही, उद्याच्या पेपरचा मात्र जातो. संध्याकाळच्या फोनवर आधी जेवलास का ते विचारा. आणि एखादा विषय राहिलाच तर त्याच वर्षी पुरवणी परीक्षा होते, हे मुलाला परीक्षेच्या आधीच, निकालाची वाट न पाहता सांगून ठेवा.

मूल जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्यावरच रुसल्यासारखं बोलत असेल, तर ‘परीक्षेचं टेन्शन असेल’ म्हणून सोडून देऊ नका. क्लास बुडू द्या, त्याच्याजवळ जाऊन बसा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. तो मुलाच्या फोनमध्ये आजच सेव्ह करून द्या, तुमच्याही.