गादीवाफा

मुलांनो, दिवाळीची सुट्टी संपते तेव्हा परतीचा पाऊस थांबलेला असतो. पेठ वडगावच्या शिवारात ऊसतोड सुरू होते. भाजीचा वाफा करायला हेच दिवस चांगले.

घरी आपण ज्याला 'क्यारी' म्हणतो, त्याला मराठीत 'वाफा' म्हणतात. जमिनीच्या पातळीवर असतो तो सपाट वाफा. जमिनीपासून उंच उचललेला असतो तो गादीवाफा. अंथरलेल्या गादीसारखा दिसतो, म्हणून त्याचे हे नाव.

पण वाफा उंच का करायचा? आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते. हा तिचा गुण आहे आणि अडचणही तीच आहे. मुळांना पाण्याबरोबर हवाही लागते. ही हवा मातीच्या कणांमधल्या बारीक जागांत असते. पाणी साचले की त्या जागा पाण्याने भरतात. मग मुळे गुदमरतात. कोवळी रोपे बुडाशी कुजून आडवी पडतात. याला 'रोपे कोलमडणे' म्हणतात.

ही गोष्ट केवळ वाफ्याची नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात उसाला वर्षानुवर्षे भरमसाट पाणी दिले गेले. त्याचा निचरा झाला नाही. साचलेल्या पाण्याबरोबर जमिनीतले क्षार वर आले. पाणी उन्हाने उडून गेले आणि क्षार मागे राहिले. अशी हजारो एकर जमीन क्षारपड झाली. तिच्यावर पांढरा थर दिसतो आणि पीक नीट येत नाही. आता तिथे काही शेतकरी जमिनीखाली छिद्रांचे पाइप पुरून जादा पाणी बाहेर काढतात. ते फार खर्चाचे काम आहे. आपला वाफा वीतभर उचलायला मात्र एक फावडे पुरते.

वाफ्यासाठी उन्हाची जागा निवडा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून भिंतीच्या उत्तरेला वाफा करू नका. तिथे दिवसभर सावली राहते. कुदळीने जमीन वीतभर खणा. ढेकळे फोडा. हरळीची मुळे वेचून काढा. मग 1 मीटर रुंद आणि 3 मीटर लांब जागा आखा. दोन्ही बाजूंची माती आत ओढा, म्हणजे वाफा उंच होईल आणि पाणी जायला कडेने चर तयार होतील. रुंदी याहून जास्त नको. बाहेर बसून हात मधोमध पोहोचला पाहिजे, कारण वाफ्यात पाय टाकायचा नाही. पायाने माती दबते.

उंची 15 सेंटीमीटर पुरे. वाफा जितका उंच तितका चांगला, असे काही जण समजतात. मला ते पटत नाही. हिवाळ्यातल्या कोरड्या वाऱ्याने फार उंच वाफा लवकर सुकतो.

आता दोन-तीन घमेली शेणखत मिसळा. ते पूर्ण कुजलेले हवे. कच्च्या शेणातून हुमणीच्या अळ्या येतात आणि मुळे खातात. (हुमणी म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कोणत्याही ऊसवाल्या शेतकऱ्याला विचारा!)

मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, काहीही पेरा. कोथिंबिरीसाठी धने हलके रगडून त्यांचे दोन भाग करा, कारण एका धन्यात दोन बिया असतात. वीतभर अंतरावर रेघा ओढा आणि बी बोटाच्या अर्ध्या पेराइतके खोल टाका. मेथी चार-पाच दिवसांत उगवते. कोथिंबिरीला थंडीत पंधरवडाही लागतो. तोपर्यंत माती उकरून पाहू नका. दरवर्षी कोणीतरी पाहतेच!

ऊसतोडीनंतर फडात पाचट पडलेले असते. बरेच लोक ते पेटवून देतात. तुम्ही घमेलेभर मागून आणा आणि रोपे वर आली की रांगांच्या मधे पसरा. त्याने ओल टिकते आणि रात्री माती फार गार पडत नाही. पाणी झारीने, सकाळी द्या. संध्याकाळी दिले तर पाने रात्रभर ओली राहतात आणि रोग पडतो. आधी मातीत बोट घालून पाहा. ओल लागली तर त्या दिवशी झारी उचलू नका.

महिनाभरात मेथी उपटायला येते. रिकाम्या जागेत थोडे शेणखत मिसळा आणि पालक पेरा. वाफ्यात कोणाचा पाय पडला नसेल, तर पुन्हा कुदळ लागत नाही. खुरप्याने भागते.

स्वाध्याय
1. पाणी साचल्यावर मुळे का गुदमरतात?
2. हिवाळ्यात वाफा फार उंच का करू नये?
3. तुमच्या घरी 'क्यारी'प्रमाणे कोणते उर्दू शब्द शेतीसाठी वापरतात? त्यांचे मराठी शब्द लिहा.