कंपायलरच्या कार्यातील पहिले पाऊल

मनुष्याने लिहिलेली आज्ञावली संगणकाला जशीच्या तशी समजत नाही. तिचे यंत्रभाषेत रूपांतर करावे लागते. हे कार्य करणाऱ्या आज्ञावलीस कंपायलर म्हणतात. दुभाष्या चुकला तर दोन माणसांत गैरसमज होतो. कंपायलरमधील चूक मात्र त्याच्याकडून रूपांतरित होणाऱ्या असंख्य आज्ञावल्यांत शिरू शकते. म्हणून त्याची तपासणी अनेकांनी करणे हितावह असते.

याकरिता काही कंपायलर सर्वांस खुले ठेवलेले आहेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेला ‘जीसीसी’ आणि अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात २००० साली आरंभ झालेला ‘एलएलव्हीएम’ हे त्यांतील प्रमुख प्रकल्प होत. त्यांचा मूळ मजकूर कोणासही वाचता येतो व त्यात सुधारणा सुचविता येते.

परंतु हा मजकूर लक्षावधी ओळींचा आहे. मग रायपूरच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याने आरंभ कोठून करावा? मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसीविषयी कार्यशाळा भरत. २०१२ सालच्या कार्यशाळेचा भरही या अवाढव्य रचनेतील मूलभूत संकल्पना आकळण्यावर होता. वाक्यरचना तपासणे, तिला मधले रूप देणे, त्या रूपात सुधारणा करणे आणि शेवटी यंत्रभाषेत उतरविणे, हे टप्पे प्रथम ध्यानी घ्यावेत.

त्यानंतर कंपायलर स्वतःच्या संगणकावर उभारून पाहावा. जीसीसीची उभारणी सामान्यतः तीन फेऱ्यांत होते. आधीचा कंपायलर पहिली प्रत घडवितो, ती दुसरीस व दुसरी तिसरीस जन्म देते. शेवटच्या दोन प्रती तंतोतंत जुळल्या नाहीत, तर कोठेतरी दोष आहे असे समजावे.

आता एखादा नोंदलेला दोष हाती घ्यावा. समजा, दोनशे ओळींची आज्ञावली वेग वाढविण्याची सूचना देताच निराळे उत्तर देते. तिच्यातील ओळी थोड्याथोड्या वगळून दर वेळी दोष टिकतो की नाही हे पाहावे. अशा रीतीने दहाच ओळी उरल्या, म्हणजे दोषाचे स्थान शोधणे सुकर होते. मात्र आज्ञावलीनेच भाषेचा नियम मोडलेला नाही ना, याची खात्री आधी करावी. पुष्कळदा अपराध कंपायलरचा नसतो.

या दहा ओळी म्हणजेच एक चाचणी होय. दुरुस्तीपूर्वी ती अयशस्वी व दुरुस्तीनंतर यशस्वी व्हावी, आणि जुन्या सहस्रावधी चाचण्यांपैकी एकही नव्याने बिघडू नये. अशी दुरुस्ती चाचणीसह पाठविल्यावर अनुभवी जाणकार तिची छाननी करतात. ती परत आली तर तो अपमान मानू नये. शंकांचे निरसन करून पुन्हा पाठवावी.

चाचणीचा निकाल रायपुरात आणि इलिनॉयमध्ये सारखाच लागतो. नवख्या विद्यार्थ्याने शोधलेली चूक त्याच्या वयावरून वा गावावरून नव्हे, तर पुराव्यावरून ग्राह्य ठरते. ती एकदा दुरुस्त झाली, की तिचा लाभ जगातील अनोळखी माणसांनाही मिळतो.